कावेरीचं तंजावर

मंडळी, तंजावर म्हटलं की आपल्याकडे व्यंकोजीराजे निघतात, सरस्वती महाल निघतो आणि मग कुणीतरी हमखास सांबार काढतं. संभाजीराजांच्या आमटीत चिंच पडली आणि सांबार जन्मलं, ही कहाणी पंगतीत छान वाटते. इतिहास म्हणून तिला बाजूलाच ठेवू. आज मला तुम्हाला बांधावर न्यायचं आहे.

श्रीरंगम बेटाच्या वरच्या टोकाशी कावेरी दुभंगते. उत्तरेचा फाटा कोळ्ळिडम, दक्षिणेचा कावेरी. गोम अशी की कोळ्ळिडमचं पात्र खोल आणि जास्त उताराचं. पाण्याला मोकळं सोडलं तर ते त्या वाटेनं सरळ समुद्र गाठतं आणि तंजावरचं भात वाळतं. बेटाच्या खालच्या टोकाला दोन्ही फाटे पुन्हा जवळ येतात, नेमका तिथे ‘कल्लणै’ हा दगडी बांध आहे. वाळूत धोंडे रुतवून उभारलेला. करिकाल चोळाच्या नावानं ओळखला जातो. बांध टिकला तर तंजावर, नाहीतर नुसती वाळू. राजराज चोळाचं तंजावरातलं बृहदीश्वर मंदिर 1010 साली पुरं झालं. त्या गाळाच्या मुलखात ग्रॅनाइट नाही. एकेक चिरा बाहेरून आणलेला. एवढी माणसं वर्षानुवर्षं दगड ओढत राहिली, ती कुणाच्या भातावर? याच बांधाच्या.

म्हणून तंजावर सगळ्यांना हवं होतं. चोळांनंतर पांड्य, विजयनगर, मग तेलुगू नायक. मदुरैच्या नायकांनी 1673 मध्ये तंजावरचा विजयराघव नायक मारला. पाठोपाठ विजापूरनं धाडलेले व्यंकोजी आले आणि स्वतःच गादीवर बसले. 1676 च्या एका जेझुइट पाद्र्याच्या पत्रात त्यांची तारीफ आहे, आणि ती तलवारीबद्दल नाही: कालवे आणि तळी दुरुस्त केली, पडीक रानं पिकली, असं तो लिहितो. नव्या राजानं पहिलं काम ओळखलं होतं. पुढच्याच वर्षी त्यांचे थोरले भाऊ शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले आणि वडिलोपार्जित वाटणीवरून भावाभावांची भेट झाली, तीही कोळ्ळिडमच्या काठी, तिरुमळपाडीला. बोलणी फिसकटली तेव्हा व्यंकोजी रातोरात नदी ओलांडून तंजावरला निघून गेले.

नदीचं नाक दाबलं की राजाचं तोंड उघडतं, हे शत्रूंनाही कळलं. 1754 मध्ये तिरुचिरापल्लीच्या लढाईत तंजावरचे राजे प्रतापसिंह इंग्रजांच्या बाजूला झुकले, तर फ्रेंचांनी कोविलडीजवळचा बांधच फोडला. पुढे अर्काटच्या नवाबाचं आणि तंजावरचं भांडण लागलं ते त्या बांधाच्या दुरुस्तीवरून. बांध तिरुचिरापल्लीच्या अंगाला, पाणी तंजावरच्या शेतात! मिटवायला बसलं मद्रासचं कंपनी सरकार. ज्यानं पाण्याचा निवाडा केला त्याच्याकडेच राज्य गेलं: 1773 मध्ये नवाबानं इंग्रजी फौजेच्या बळावर तंजावरच्या राजे तुळजाजींना पदच्युत केलं, 1776 मध्ये इंग्रजांनीच परत बसवलं, 1781 मध्ये म्हैसूरच्या हैदर अलीच्या फौजेनं मुलूख उजाड केला, आणि 1799 च्या तहानं दुसऱ्या सरफोजींकडे किल्ला आणि तनखा तेवढा उरला. 1855 मध्ये गादीही संपली.

राज्य गमावलेल्या या सरफोजींबद्दल आपण खूप बोलतो, आणि बोलावंच. सरस्वती महाल ग्रंथालय, डोळ्यांच्या रुग्णांच्या सचित्र नोंदी, देवनागरी छापखाना, बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 मध्ये कोरलेलं भोसल्यांचं मराठी चरित्र. मला मात्र त्यांच्या आधी गादीवर बसलेले, व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे अधिक मोहवतात. मराठी नाटकाचे जनक मानल्या जाणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या दीडेकशे वर्षं आधी हा राजा मराठी नाटकं लिहीत होता, आणि तेलुगूतही तितक्याच रंगात येऊन. दरबारात मराठी, रंगमंचावर तेलुगू, देवळात संस्कृत आणि तमिळ, कुंभकोणमच्या मागावर गुजरातेतून आलेल्या सौराष्ट्री विणकरांची बोली. कुणी कुणाची भाषा हाकलली नाही. तिथले मराठी देशस्थ आजही शेजाऱ्यांच्या लेखी ‘रायर’ आणि घरात डांगर-पच्चडी खाणारे. राजकारणी टी. माधवराव याच मातीतले. त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांचं दिवाणपद त्यांनी भूषवलं.

पण मंडळी, हे सगळे वर बसलेले लोक. चिखलात कोण होतं? पळ्ळर आणि परैयर. जमिनीला बांधलेले, ‘पण्णैयाळ’ म्हणवले जाणारे शेतमजूर. चोळ गेले, नायक गेले, भोसले गेले, इंग्रज गेले. यांच्या पाठीवरचं भाताचं ओझं गेलं नाही. राजघराण्यांच्या वंशावळी भिंतीवर कोरल्या गेल्या, यांची नोंद मजुरीच्या मापात. जमीनमालकाला तिथे तमिळमध्येही ‘मिरासदार’च म्हणतात. आपल्या गावगाड्यातला शब्द इतक्या दूर ऐकून मी पहिल्यांदा सुखावलो होतो.

25 डिसेंबर 1968 ला, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात, मजुरीचं भात थोडं वाढवून मागणाऱ्या दलित मजुरांच्या वस्तीवर मिरासदारांची माणसं चालून गेली. बायका, मुलं, म्हातारी माणसं एका झोपडीत दडली होती. ती झोपडी पेटवून दिली गेली. 44 जण मेले. उच्च न्यायालयात मिरासदार निर्दोष सुटले.