अडवलेल्या हवेची ऊब

(शिकागोतील मराठी श्रोत्यांसमोर हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मंडळी, खिडकीवर ताणून बसवायच्या प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर अख्खं व्याख्यान कशाला, असं कुणाला वाटेल. पण ३० जानेवारी २०१९ रोजी याच शहरात पारा उणे ३१ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता, आणि आपल्यातली कितीतरी कुटुंबं अजून जुन्या विटांच्या इमारतींत, एकेरी काचेच्या खिडक्यांमागे भाड्याने राहतात. स्वतःचं घर असेल त्याला दुहेरी काचा बसवून घेता येतात. भाडेकरूला खिडकी बदलता येत नाही. ही फिल्म त्याच्या हातातलं साधन आहे, म्हणून मला ती महत्त्वाची वाटते.

इथल्या नियमाप्रमाणे १५ सप्टेंबर ते १ जून या काळात घरमालकाने दिवसा घरात किमान ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सिअस तापमान राखायचं असतं. अनेक घरांत ते राखलेलंही असतं. तरी गावाकडून आलेली आई म्हणते, ‘खिडकीशी बसवत नाही रे.’ तिचं खरं असतं. बाहेर उणे १० अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग उणे दोनच्या आसपास असतो. शेजारी बसलेल्या माणसाच्या अंगातली उष्णता किरणांच्या रूपाने त्या गार काचेकडे जात राहते. थर्मामीटर मोजतो खोलीतली हवा. अंगातून काय जातं ते त्यात दिसत नाही. शिवाय काचेला लागून गार झालेली हवा जड होऊन खाली घसरते आणि पायांवर येते. खिडकीला एकही फट नसली तरी ती झुळूक जाणवते.

काच स्वतः उष्णता फारशी अडवत नाही. अडवतात ते तिच्या दोन्ही अंगांना असलेले हवेचे पातळ थर. स्थिर हवेतून उष्णता काचेच्या मानाने सुमारे चाळीसपट कमी वाहते. गोधडीत ऊब राहते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळेच, आणि फिल्मही तेच करते: काच आणि आपण यांच्यामध्ये न हलणारी हवा कोंडून ठेवते. दीड सेंटिमीटरची पोकळी उत्तम. त्याहून फार रुंद झाली तर आतली हवा फिरू लागते, म्हणून आणखी रुंदीचा फायदा होत नाही. दीड चौरस मीटरच्या एकेरी काचेतून वर सांगितलेल्या थंडीत सुमारे २५० वॉट उष्णता बाहेर जाते. फिल्मनंतर ती साधारण निम्म्यावर येते. आतल्या बाजूचा पृष्ठभाग ८-९ अंशांपर्यंत चढतो. आईला फरक जाणवतो तो इथे.

लावताना आधी फटी बुजवा. सरकत्या तावदानाच्या कडेने वारा येत असेल, तर फिल्म शिडासारखी फुगते आणि टेप सुटते. चौकट पुसून पूर्ण कोरडी करा, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप काचेवर नव्हे तर चौकटीवर लावा, आणि फिल्म वरून खाली चिकटवत या. सुरकुत्यांची काळजी नको. ही फिल्म कारखान्यात ताणून बनवलेली असते. हेअर ड्रायरची गरम हवा लागली की ती आकसते आणि घट्ट ताणली जाते. ड्रायर एका जागी धरू नका, भोक पडेल. पुण्याहून कुणी उन्हाची काळी फिल्म आणून देत असेल, तर ती इथे हिवाळ्यात नको. दक्षिणेच्या खिडकीतून येणारं फुकटचं ऊन तीच अडवते.

आता आपल्या स्वयंपाकघराबद्दल. कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, घरातच वाळत घातलेले कपडे, या सगळ्यांची वाफ घरात राहते. खोलीत ४० टक्के आर्द्रता असेल तर ६ अंशांखालच्या पृष्ठभागावर पाणी धरतं. म्हणून उघड्या काचेवरून ओघळ वाहतात, लाकूड कुजतं, कोपऱ्यात बुरशी येते. फिल्मचा पृष्ठभाग उबदार राहिल्याने हे कमी होतं, पण तिच्या कडेने ओलसर हवा आत शिरली तर मागच्या काचेवर दव जमेलच. स्वयंपाक करताना पंखा लावा, आणि तो हवा बाहेर फेकतो की नुसती फिरवतो, ते तपासा.

एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. ऊब हवी म्हणून गॅसचा ओव्हन उघडा ठेवून बसू नका. फटी बुजवलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपेत माणूस जातो. फिल्म आणायला जाल त्याच फेरीत या वायूचा अलार्म घ्या आणि झोपायच्या खोलीजवळ लावा. आग लागल्यास ज्या खिडकीतून बाहेर पडायचं, तिच्यावरची फिल्म एका झटक्यात फाडायची असते, हे मुलांनाही दाखवून ठेवा.

वसंतात काढताना टेपवर पुन्हा ड्रायर फिरवा. डिंक मऊ होतो, चौकटीचा रंग निघत नाही, आणि अनामत रक्कम परत मागताना घरमालकाशी वाद होत नाही.