ओरखड्याचा विमा आणि हाडाचा विमा

कॅलिफोर्नियात मोटार चालवणाऱ्याने समोरच्या माणसासाठी कमीत कमी किती रकमेचा विमा उतरवावा, हे १९६७ साली ठरलं. एका माणसाला इजा झाली तर १५ हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींना मिळून ३० हजार आणि मालमत्तेच्या नुकसानीला ५ हजार. त्यानंतर माणूस चंद्रावर जाऊन आला, सिलिकॉन व्हॅली उभी राहिली, पुण्या-मुंबईची किती तरी कुटुंबं तिथे जाऊन स्थिरावली, घरांच्या किमती आभाळाला भिडल्या. हे आकडे मात्र २०२४ संपेपर्यंत जागचे हलले नाहीत. १ जानेवारी २०२५ पासून ते ३०, ६० आणि १५ हजार झाले. अमेरिकेतल्या इस्पितळात मोडलेल्या मांडीला ३० हजार डॉलर पुरतील का, हे तिकडच्या कुठल्याही नातेवाइकाला विचारावं. तो आधी हसेल.

मंडळी, परदेशात गाडी भाड्याने घेणाऱ्या मराठी प्रवाशाचा गोंधळ इथेच सुरू होतो, कारण त्याच्या डोक्यात घरचा कायदा असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम १४६ ने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आहे, आणि मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला त्या पॉलिसीत रकमेची मर्यादा नसते. न्यायाधिकरण जी रक्कम ठरवील ती विमा कंपनी भरते. त्यामुळे आपल्याकडे ‘थर्ड पार्टी’ हा पीयूसीशेजारी ठेवायचा एक कागद होऊन बसला आहे. खरी चर्चा रंगते ती स्वतःच्या गाडीवर. झीरो डेप घेतलंस का? बंपरचे किती मिळाले? नो क्लेम बोनस गेला का? हीच सवय बरोबर घेऊन माणूस लॉस एंजेलिसच्या विमानतळावर भाड्याच्या गाडीच्या काउंटरपुढे उभा राहतो.

काउंटरवरचा कर्मचारी त्याच सवयीला हात घालतो. तो ‘एलडीडब्ल्यू’ विकतो. तांत्रिकदृष्ट्या हा विमा नव्हेच. गाडी ठोकली किंवा चोरीला गेली तर आम्ही तुमच्याकडून वसूल करणार नाही, असं कंपनीने पैसे घेऊन दिलेलं वचन आहे ते. दिवसाला वीस-तीस डॉलर, कुठे त्याहून जास्त. ते घेतलं नाही आणि गाडीला धक्का बसला, तर अनेक राज्यांत बिलात फक्त दुरुस्ती येत नाही. गाडी गॅरेजमध्ये पडून होती तेवढ्या दिवसांचं बुडालेलं भाडं येतं, कागदपत्रांचा खर्च येतो, अपघातामुळे गाडीची विक्रीकिंमत घटली म्हणून तीही रक्कम लावली जाते. म्हणजे एलडीडब्ल्यू निरुपयोगी नाही. पण पूर्ण भरपाई द्यावी लागली तरी ती एका गाडीच्या किमतीच्या आसपास थांबते. रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याला धडक बसली तर देणं कुठे थांबेल, याला असं कुंपण नाही.

त्यासाठी काउंटरवर दुसरी वस्तू असते, ‘एसएलआय’. राज्याच्या किमान मर्यादेच्या वर, कंपनीगणिक ३ लाखांपासून १० लाख डॉलरपर्यंत, समोरच्याच्या इजेची आणि नुकसानीची जबाबदारी ती उचलते. बहुधा एलडीडब्ल्यूपेक्षा स्वस्तही असते. तरी ती नाकारून एलडीडब्ल्यू घेणारे लोक भेटतात, आणि ते हिशेब चुकवत आहेत असंच म्हणावं लागेल. फ्लोरिडात तर सामान्य खासगी वाहनमालकाला समोरच्याच्या शारीरिक इजेचा विमा सक्तीचाच नाही. स्वतःच्या उपचारांसाठी १० हजार आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी १० हजार डॉलर एवढंच कायदा मागतो.

‘पण गाडी तर कंपनीची, दावा तिच्यावर होईल ना?’ असा प्रश्न इथे येतो. २००५ पर्यंत न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांत त्यात तथ्य होतं. भाडेकरूने केलेल्या अपघाताला गाडीचा मालकही जबाबदार धरला जाई. मग मिसुरीचे काँग्रेस सदस्य सॅम ग्रेव्ह्ज यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती आली आणि केंद्रीय कायद्याने ते दार बंद झालं. कंपनीची स्वतःची हयगय नसेल, तर केवळ मालक आहे म्हणून तिला जबाबदार धरता येत नाही. मग दाव्यात उरतो स्टिअरिंगवर बसलेला माणूस.

अमेरिकी रहिवाशाला याची फारशी धास्ती नसते, कारण त्याच्या घरच्या गाडीची पॉलिसी बहुधा भाड्याच्या गाडीलाही लागू पडते. गंमत होते ती बाबा तिकडे गेल्यावर. एडिसनमधला मुलगा नेहमीप्रमाणे स्वतःच्या नावावर, अमेरिकी रहिवाशाच्या दराने गाडी बुक करतो, विम्याला ‘नको’ म्हणतो आणि सगळे यलोस्टोनला निघतात. वाटेत मुलगा दमतो. पुण्यात तीस वर्षं गाडी चालवलेले बाबा म्हणतात, ‘उठ, थोडा वेळ मी घेतो.’ करारात बाबांचं नाव नसेल, तर बाबा गाडी चालवत असताना घडलेल्या अपघातात कंपनीने दिलेलं संरक्षण फोल ठरतं, आणि मुलाची पॉलिसी बाबांना कितपत धरते हे तिच्या बारीक अक्षरांवर. दिवसामागे थोडे डॉलर भरून बाबांचं नाव आणि आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना सुरुवातीलाच नोंदवला असता, तर एवढं घडलंच नसतं. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. परदेशी रहिवासी म्हणून बुकिंग केलं तर अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या दरात एलडीडब्ल्यू आणि एसएलआय ही दोन्ही संरक्षणं अनेकदा धरलेली असतात. तेव्हा वडिलांच्या गाडीचं बुकिंग वडिलांनीच केलेलं बरं.

युरोपात चित्र उलटं. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे समोरच्याच्या इजेसाठी किमान संरक्षण अपघातामागे ६४ लाख ५० हजार युरो किंवा माणसामागे १३ लाख युरो, मालमत्तेसाठी १३ लाख. भाड्याच्या दरात ते आलेलंच असतं. म्हणजे हाडाची काळजी तिथल्या कायद्याने घेतली आहे, प्रवाशाच्या माथी राहतो ओरखडा. भाड्याच्या गाडीला धक्का बसला तर त्यासाठीचं ‘सीडीडब्ल्यू’ हे संरक्षण दरात असतं, पण पहिले हजार-दोन हजार युरो प्रवाशाचे. तेवढी रक्कम क्रेडिट कार्डावर अडवून ठेवतात. डेबिट कार्ड अनेक ठिकाणी चालत नाही. शिवाय काच, टायर, गाडीचं पोट आणि छप्पर यांना साध्या सीडीडब्ल्यूत बहुधा जागा नसते. डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरलं, किल्ली हरवली, तर तेही स्वतःच्या खिशातून.

आइसलँडने मात्र या वगळण्याच्या यादीला निराळीच उंची दिली आहे. केफ्लाविक विमानतळाबाहेरच्या काउंटरवर खडीचं संरक्षण वेगळं मिळतं, वाळू आणि राखेचं वेगळं. यात हसण्यासारखं काही नाही. एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीने २०१० मध्ये युरोपची विमानं जमिनीवर बसवली, त्या राखेचा देश हा. दक्षिण किनाऱ्यावर विक गावाच्या पूर्वेला मिर्दाल्ससांदुर हे काळ्या वाळूचं मैदान आहे. तिथे वारा सुटला की वाळू गाडीच्या एका बाजूचा रंग घासून काढते आणि काचा धुरकट करून सोडते. दुरुस्ती म्हणजे जवळपास अख्ख्या गाडीला नवा रंग. रस्त्याकडेच्या फलकांवर वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर ते झळकत असतं, आणि आइसलँडमध्ये हा आकडा तापमानाच्या आधी वाचायचा असतो.

त्याहून नेहमीचा अपघात दाराचा. धबधब्यापाशी गाडी थांबते, मागून वारा असतो, मुलं उत्साहाने दार उघडतात आणि वारा ते हातातून हिसकावून पुढच्या पत्र्यावर आपटतो. बिजागरी वाकते, दार पुन्हा नीट लागत नाही. वाऱ्याने मोडलेलं दार बहुतेक करारांत वगळलेलं असतं, मग वर कितीही ‘प्रीमियम’ घेतलेलं असो. म्हणून जाणते लोक गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करतात. मग वारा दार बंद करायला बघतो, उखडायला नाही. एका वेळी एकच दार उघडायचं आणि ते हाताने घट्ट धरून. आतल्या डोंगराळ भागातल्या ‘एफ’ क्रमांकाच्या रस्त्यांवर फक्त फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी न्यायची परवानगी असते. तिथल्या ओढ्यातून जाताना इंजिनात पाणी शिरलं तर ते नुकसान सहसा कुठल्याही योजनेत बसत नाही.

न्यूझीलंडला डावीकडून गाडी चालवायची असते म्हणून मराठी पर्यटक तिथे खुशीत असतो. तिथली व्यवस्था तिसऱ्याच प्रकारची. १ एप्रिल १९७४ पासून अपघातातल्या इजेचा भार एसीसी ही सरकारी योजना उचलते, चूक कोणाची हे न बघता, आणि पाहुण्यांसाठीही. त्या बदल्यात इजेच्या भरपाईसाठी कोर्टात जायचा हक्क काढून घेतलेला आहे. मात्र दुसऱ्याच्या गाडीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा नाही, म्हणून करारात तो आहे ना हे बघावं. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅनियनचा कच्चा रस्ता आणि उत्तरेकडचा नाइन्टी माइल बीच इथे गेल्यास भाड्याच्या गाडीचं संरक्षण संपतं, हे कंपन्या ठळक लिहून देतात. तरी दर मोसमात कोणीतरी वाळूत रुततोच.

ऑनलाइन बुकिंग करताना पडद्यावर ‘फुल प्रोटेक्शन’ स्वस्तात समोर येतं. ते बहुधा गाडीच्या कंपनीचं नसतं. अपघात झाला तर काउंटरवर पूर्ण रक्कम आधी भरायची, मग करार, दुरुस्तीचं बिल, पोलिसांचा अहवाल आणि कार्डाचं स्टेटमेंट पाठवून तिसऱ्या कंपनीकडून परत मागायची. वाईट सौदा नाही, फक्त कार्डात तेवढी जागा हवी. भारतीय प्रवास विम्यावर इथे भिस्त ठेवू नये. त्यातल्या ‘पर्सनल लायबिलिटी’च्या कलमात मोटार चालवताना झालेलं नुकसान बहुतेक वेळा स्पष्ट वगळलेलं असतं.

गाडी परत करताना पहाटेचं विमान आहे म्हणून बंद काउंटरच्या पेटीत किल्ली टाकली, तर बऱ्याच करारांप्रमाणे कर्मचारी सकाळी येऊन गाडी तपासेपर्यंत जबाबदारी भाडेकरूचीच राहते. त्या वेळी पार्किंगच्या दिव्याखाली गाडी उभी करून चारही बाजू, चाकं, छप्पर, इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा यांचं सलग चित्रीकरण करून घ्यावं, आजूबाजूचे पार्किंगचे क्रमांक दिसतील असं. मग किल्ली टाकावी.