अलंगच्या चिखलातलं ‘फ्रान्स’

आज आवाज थोडा बसलाय, चालवून घ्या.

माझ्या डेस्कवर, मॉनिटरच्या शेजारी, एक पांढरी बशी असते. कडेला निळी रेघ, बाकी काही नाही. तीन वर्षांपूर्वी कॉलेजमधल्या मित्राच्या लग्नाला भावनगरला गेलो होतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं अलंगच्या रस्त्याला लागलो. यार्डात आपल्यासारख्याला असंच आत सोडत नाहीत, पण त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जहाजांतून निघालेल्या सामानाची दुकानं आहेत, कितीतरी किलोमीटर. लाइफ जॅकेटं, गाद्या, ट्रेडमिल, दोऱ्या, हॉटेलच्या किचनमधले स्टीलचे ओटे, संडासाची भांडी. एका दुकानात बश्यांची चळत होती. कुठल्या जहाजाच्या, म्हणून विचारलं. दुकानदार म्हणाला, “क्रूज का माल है, साहब.” विषय संपला. चाळीस रुपयाला एक बशी घेतली.

घरी आल्यावर त्या बशीचं जहाज शोधायला बसलो. ते काही सापडलं नाही, पण भलतंच एक सापडलं, आणि आजचा भाग त्याच्यावर आहे.

जहाजाचं नाव ‘फ्रान्स’. सेंट-नझेर इथं बांधलेलं, 1960 च्या मे महिन्यात पाण्यात उतरलेलं. अध्यक्ष द गॉल यांच्या पत्नीनं त्याचं जलावतरण केलं होतं. लांबी 316 मीटर. पुढे चाळीसेक वर्षं एवढं लांब प्रवासी जहाज जगात दुसरं नव्हतं. 1962 मध्ये ते अटलांटिकवर धावायला लागलं, आणि खरं सांगायचं तर तेव्हाच उशीर झाला होता. जेट विमानं आली होती. पाच दिवस समुद्रात कोण काढणार? सरकारी अनुदानावर जहाज चालू राहिलं. 1974 ला तेल भडकलं, अनुदान थांबवायचं ठरलं, आणि मग जे झालं ते मला फार आवडतं. जहाजावरच्या कामगारांनी जहाजच ताब्यात घेतलं! ल हाव्र बंदराच्या तोंडाशी नांगर टाकून बसले, काही आठवडे. उपयोग झाला नाही. जहाज बंदरातल्या एका लांबच्या धक्क्याला बांधलं गेलं, आणि लोक त्या धक्क्याला ‘विस्मरणाचा धक्का’ म्हणायला लागले. पुढच्याच वर्षी मिशेल सार्दूनं त्या जहाजावर गाणं केलं, ते तिकडे तुफान चाललं. म्हणजे विस्मरण वगैरे काही झालं नव्हतं. फक्त पैसे द्यायला कोणी नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1979 मध्ये नॉर्वेच्या एका कंपनीनं ते विकत घेतलं. चारपैकी दोन प्रॉपेलर काढले, कारण आता कुठे पोचायची घाई नव्हती, कॅरिबियन समुद्रात लोकांना फिरवून आणायचं होतं. नाव ‘नॉर्वे’. मोठमोठ्या क्रूझ जहाजांचा जो आजचा धंदा आहे, त्याची सुरुवात बऱ्याच अंशी या जहाजापासून झाली. वीस-बावीस वर्षं मजेत गेली. 25 मे 2003 ला मायामीत बॉयलरचा स्फोट झाला आणि आठ खलाशी गेले, बहुतेक फिलिपिनो. त्यानंतर ते जहाज स्वतःच्या ताकदीवर प्रवासी घेऊन कधीच निघालं नाही.

आधी ते ओढत जर्मनीला नेलं. 2005 मध्ये तिथून ओढत मलेशियाला. आणि 2006 च्या ऑगस्टमध्ये, ‘ब्ल्यू लेडी’ असं तिसरं नाव घेऊन, अलंगला.

यात एक गंमत आहे, वाईट अर्थानं. विषारी कचरा एका देशातून दुसऱ्या देशात पाठवण्यावर बाझल करार नावाचं आंतरराष्ट्रीय बंधन आहे. पण जहाज नेमकं कचरा कधी होतं? जोवर मालक ‘दुरुस्तीला नेतोय’ म्हणतो तोवर ते जहाज. भंगारात विकलं की कचरा. मधल्या काळात ते समुद्रावर असतं. आमच्याकडे तिकिटाचं स्टेटस ‘इन प्रोग्रेस’ ठेवून महिनोन्‌महिने ढकलतात ना, तसं.

या जहाजाच्या भिंतींत आणि इंजिनरूममध्ये शेकडो टन अ‍ॅस्बेस्टॉस होतं. म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका झाल्या, त्यातली एक अलंगच्या आसपासच्या गावांच्या वतीनं. आणि त्याच वेळी फ्रान्समधले जहाजप्रेमी वेगळ्याच कारणासाठी तळमळत होते, की आमचं जहाज तोडू नका. दोघांचं म्हणणं एकच, कारणं दोन. एकाला जहाज विष म्हणून नको होतं, दुसऱ्याला ते हवंच होतं.

तोवर जहाज चिखलात रुतलं होतं. अलंगला भरती-ओहोटीतला फरक प्रचंड असतो. उधाणाच्या भरतीला जहाज किनाऱ्यात घुसवायचं, पाणी ओसरलं की ते बसतं, आणि मग ते परत समुद्रात नेणं जवळपास अशक्य. म्हणजे कोर्टात चर्चा चालली होती तोडायचं की नाही याची, आणि समुद्रानं निकाल आधीच दिला होता. 11 सप्टेंबर 2007 ला कोर्टानं परवानगी दिली. त्या आदेशात दोन आकडे आहेत: 700 कामगारांना काम आणि 41 हजार टन पोलाद.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडलो होतो. एवढा इतिहास, आणि आपण त्याच्या सळया केल्या! त्यात माझी एक जुनी जखम होती. शाळेत असताना बाबांनी मला आयएनएस विक्रांत दाखवली होती, ती मुंबईत म्युझियम होती तेव्हा. डेकवर उभं राहून मी बाबांना विचारलं होतं की ही आता कायम इथेच असणार का. “असणार ना,” बाबा म्हणाले. 2012 ला ती लोकांसाठी बंद झाली, 2014 ला दारूखान्यात तोडायला घेतली. तिच्या लोखंडातलं थोडं बजाजच्या ‘व्ही’ बाईकमध्ये गेलं. मामेभावाकडे ती बाईक आहे. पेट्रोल भरताना दर वेळी टाकीवर टकटक करून म्हणतो, “विक्रांत!” मला अजून हसू येत नाही.

तर चिडलेल्या अवस्थेत मी वाचवलेल्या जहाजांची यादी करायला घेतली. ‘रॉटरडॅम’ हे डच जहाज, 1959 सालचं, वाचलं. 2008 मध्ये आपल्या गावी परत आलं, 2010 पासून हॉटेल आणि म्युझियम म्हणून उघडलं. मी खूश. मग खर्च वाचला. सुरुवातीला काही दशलक्ष युरोंचा अंदाज, शेवटी गेले 200 दशलक्षांहून जास्त, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस काढण्याचा वाटा मोठा. आणि हे पैसे घातले कोणी? तिथल्या एका गृहनिर्माण संस्थेनं, जिचं मूळ काम साध्या लोकांना परवडणाऱ्या भाड्यात घरं देणं. 2013 च्या सुमारास ते जहाज 30 दशलक्षांच्या आसपास विकलं. डच संसदेनं अशा संस्थांची चौकशी लावली, तेव्हा हे प्रकरण त्यात गाजलं. म्हणजे माझं आवडतं वाचलेलं जहाज चाळकऱ्यांच्या पैशावर वाचलं होतं.

आणि दुसरं टोक म्हणजे ‘युनायटेड स्टेट्स’. 1952 मध्ये पहिल्याच फेरीत त्यानं 3 दिवस 10 तास 40 मिनिटांत अटलांटिक ओलांडला. ज्यानं ते काढलं त्या विल्यम फ्रान्सिस गिब्जला आगीची इतकी धास्ती, की जहाजावर लाकूड जवळपास नव्हतंच. पियानो आणि खाटकाचे ठोकळे सोडून, असं सांगतात. 1969 ला निवृत्त. 1996 पासून फिलाडेल्फियाच्या धक्क्याला गंजत उभं. 2011 ला एका संस्थेनं ते घेतलं, आणि संस्थेच्या प्रमुख होत्या गिब्जचीच नात, सुझन. तेरा वर्षं त्यांनी देणग्या गोळा केल्या, बिल्डर शोधले, आराखडे काढले. शेवटी धक्क्याच्या भाड्यावरून कोर्टकज्जा झाला आणि 2024 मध्ये जागा सोडायचा आदेश आला. फ्लोरिडातल्या एका काउंटीनं जहाज घेतलं, कशासाठी, तर समुद्रात बुडवायला. तळाशी मासे राहतील, पाणबुडे बघायला येतील, किनाऱ्यावर छोटं म्युझियम होईल. 2025 च्या फेब्रुवारीत ते ओढत नेलं. आजोबांनी बांधलेलं जहाज नातीनं बुडवायला दिलं, कारण दुसरा पर्याय भंगाराचा होता. मला ते तिच्या जागी जमलं असतं का, माहीत नाही.

हे सगळं आजीला सांगितलं. आजी मूळची विजयदुर्गची, लग्नाआधी कोकण बोटीनं मुंबईला येणारी. मला वाटलं ती हळहळेल. “बोट कसली वाचवायची रे? ओकाऱ्या काढून जीव जायचा,” ती म्हणाली. आपल्याकडे ‘बोट लागणं’ हा शब्दच त्यातून आला. पडावातून बोटीवर चढताना तिची नवी चप्पल समुद्रात पडली होती, तिचा तिला अजून राग आहे. मग पाच मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, “पण भोंगा ऐकायला हवा होता एकदा.”

भोंगा! मी तीन वर्षं पोलाद आणि अ‍ॅस्बेस्टॉस मोजतोय, आणि हिला भोंगा हवाय.

आता माझं मत असं झालंय. अलंगवर चिडून उपयोग नाही. ओडिशा-बिहारमधून आलेला माणूस गॅसकटर घेऊन उभा राहतो, तेव्हा निर्णय होऊन बरीच वर्षं झालेली असतात. जहाज धावत असतानाच, त्यातले लोक हयात असतानाच ठरवायला लागतं: एखादं अख्खं ठेवायचं असेल तर पन्नास वर्षांच्या रंगरंगोटीचे पैसे बाजूला काढा, बाकीच्यांचे नकाशे, आवाज, फोटो, खलाशांच्या मुलाखती ठेवा. धक्क्याला बांधून ‘कोणीतरी श्रीमंत येईल’ म्हणून वाट बघणं, हा सगळ्यात क्रूर मार्ग.

‘फ्रान्स’च्या नाकाचं टोक मात्र वाचलं. 2009 मध्ये पॅरिसला त्याचा लिलाव झाला आणि 2018 पासून ते ल हाव्रमध्ये उभं आहे, जिथून जहाज निघायचं तिथेच.

आमच्या घरात कोकण बोटीचं एक तिकीटसुद्धा नाही. तुमच्याकडे ‘कोकण सेवक’चं, ‘कोकण शक्ती’चं, कुठल्याही बोटीचं काही असेल, फोटो, तिकीट, घरातल्या कोणाची आठवण, तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा आणि जमलं तर मला पाठवा. आणि भोंग्याचा आवाज कोणाकडे टेप केलेला असेल, तर तो आधी पाठवा. आजी शहाऐंशी वर्षांची आहे.