झोपेच्या गाडीचे दोन बैल



आमच्या म्हसावदच्या शिवारात रात्रीची लाईट असली, की शेतकरी रात्रभर केळीला, उसाला पाणी भरतो. सकाळी आठला अंथरुणाला पाठ टेकवतो आणि दहाला टक्क जागा होतो. "सर, डोळे जळतात, पण झोप लागत नाही," असं माझे जुने विद्यार्थी भेटले की सांगतात. घरचे म्हणतात, फार काळजी करतो. काळजी असेलही, पण झोप मोडते ती वेगळ्याच कारणानं. ते कारण सांगण्यासाठीच मी आज आलो आहे. आपली रात्रीची झोप सकाळच्या उजेडात ठरते. हे वाक्य मी पुन्हा म्हणणार आहे, कंटाळू नका.

झोपेच्या गाडीला दोन बैल जुंपलेले असतात. पहिला बैल थकव्याचा. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते जितकं साठेल, तितक्या जोरानं हा बैल गोठ्याकडे ओढतो. चहा प्यायल्यावर त्याला ओझं जाणवत नाही एवढंच, ओझं उतरत नाही.

दुसरा बैल घड्याळाचा. तुम्ही किती राबलात ते तो विचारत नाही, तो सूर्याच्या वाटेनं चालतो. रात्री दोघंही गोठ्याकडे ओढतात, म्हणून सात-आठ तास गाढ झोप लागते. रात्रभर जागून सकाळी आठला झोपलं, तर मात्र थकव्याचा बैल गोठ्याकडे वळतो आणि घड्याळाचा शेताकडे. दोन तासांच्या झोपेनं पहिल्याचा जोर ओसरला, की दुसरा गाडी ओढून नेतो. म्हणून दहाला जाग येते. त्या माणसाला बोल लावू नका, त्याची गाडी दोन्हीकडून ओढली जाते आहे.

या दुसऱ्या बैलाचं ठाणं मेंदूच्या तळाशी आहे. दोन डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर, सुमारे २०,००० पेशींचा एक ठिपका. झाडांनाही त्यांचं घड्याळ असतं. बांधावरची चिंच संध्याकाळी पानं मिटते, ते आपण रोज पाहतो. फ्रान्सच्या द मेरां यांनी १७२९ साली लाजाळूसारखं एक झाड अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं दिवसा उघडत राहिली. म्हणजे घड्याळ आतच होतं. फळमाशीत या घड्याळाची जनुकं उलगडली, त्यासाठी हॉल, रोसबॅश आणि यंग यांना २०१७ साली नोबेल मिळालं.

आता मुद्दा ऐका. माणसाचं हे घड्याळ सरासरी २४ तासांहून दहा-बारा मिनिटं जास्त घेतं. सोडून दिलं तर बैल रोज थोडा मागे पडत जाईल. त्याला वेळेवर आणणारा कासरा म्हणजे सकाळचा उजेड. उजेड डोळ्यांत शिरतो आणि त्या ठिपक्याला निरोप जातो, दिवस सुरू झाला. रात्री अकराला मोबाईल तोंडापुढे धरला, तर तोच कासरा उलटा ओढला जातो. झोपेची वेळ कळवणारं मेलॅटोनिन कमी होतं आणि बैलाला वाटतं, अजून संध्याकाळच आहे. म्हणून म्हणतो, रात्रीची झोप सकाळच्या उजेडात ठरते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. भारताची वेळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाची. आपण इतके पश्चिमेला, की सूर्य घड्याळाच्या अर्धा तास मागे असतो. थंडीत सातच्या शाळेला निघालेलं लेकरू अंधारातच घर सोडतं. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. चांगलं झालं. पण नववी-दहावीच्या मुलांचं घड्याळ तर वयानंच उशिराकडे सरकतं, त्यांच्याबद्दल... तो विषय मोठा आहे, आज वेळ पुरणार नाही.

करायचं काय ते सांगतो. रोज एकाच वेळी उठा. उठल्यावर अर्धा तास ओट्यावर, अंगणात, उजेडात काढा. सुट्टीच्या दिवशीही.

रात्री पाणी भरणाऱ्यांनी, रात्रीची लाईट असेल त्या आठवड्यात, उलट करायचं. सकाळी परतताना डोक्याचा रुमाल डोळ्यांवर ओढून घ्या, खिडकीला गोणपाट लावा. मायबहिणींनो, त्या खोलीत दुपारपर्यंत टीव्ही लावू नका. आणि ट्रॅक्टरवाल्या दादांनो, पहाटे तीन ते पाच या वेळेत अंग सर्वांत थंड आणि झोप सर्वांत जड असते. उसाची ट्रॉली घेऊन तेव्हा रस्त्यावर येऊ नका.

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आहे. तिच्याकडे केवळ सोय म्हणून पाहू नका, ती शेतकऱ्याच्या तब्येतीची गोष्ट आहे. ग्रामसभेत हा विषय... वेळ संपल्याची खूण झाली.

एवढंच लक्षात ठेवा. उद्या उठल्यावर मोबाईल घेण्याआधी दार उघडा, अंगणात या आणि लेकरांनाही बाहेर आणा.