पाणचक्की जपायची तर आधी नहर जपा



हॉलंडात किंडरडाइकला १७४० च्या सुमाराच्या १९ पवनचक्क्या आहेत. सखल रानातले पाणी उपसून बाहेर टाकायचे, हे त्यांचे काम. १९९७ साली त्या जागतिक वारसा ठरल्या. पण तिथल्या लोकांनी नुसत्या भिंती आणि लाकडी चाके जपली नाहीत. चक्कीजवळ वारा अडेल असे उंच बांधकाम करायला त्या देशात बंधने आहेत. चक्की जपायची म्हणजे तिचा वाराही जपायचा.

आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादला, पाणचक्की आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी ती धान्य दळायची. डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून काही मैल चालत यायचे, पात्यांवर पडायचे आणि जाते फिरायचे. ना बैल, ना वीज.

बघणारे हौद आणि चाक बघून परततात. पण निम्मी चक्की शहराबाहेर जमिनीखाली आहे. ती म्हणजे नहर. नळ फुटले, त्यांवर घरे चढली, की उरतो तो नुसता सांगाडा.

कोरडवाहू माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. विहीर दगडाने बांधून काढली आणि वरचा ओढा बुजवला, तर त्या विहिरीचे करायचे काय? म्हणून वारशाच्या नावाने पैसा येईल, तेव्हा पहिला रुपया नहरीवर खर्च करा, असे आपण ठणकावून सांगू. रंगरंगोटी मागाहून.