पान कोणी खाल्लं?

(वर्धा येथील पावसाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मंडळी, ऑगस्ट महिन्यात कोणत्याही कृषी केंद्रासमोर थोडा वेळ उभे राहा. "अळी आली, औषध द्या," हे वाक्य हमखास कानावर पडेल. कोणती अळी, हे घेणारा सांगत नाही आणि देणाराही विचारत नाही. माझं म्हणणं साधं आहे. अळी सापडो न सापडो, खाल्लेलं पान आधी हातात घ्या. खाणारा पळून जातो, त्याच्या खाण्याची तऱ्हा मात्र पानावर राहते.

सोयाबीनच्या वावरात चालताना एखाद्याच झाडाची पानं दुरून पांढुरकी दिसतात. असं पान उजेडात धरून बघा. शिरांची जाळी शाबूत असते आणि हिरवा गर तेवढा खरवडलेला असतो. पान उलटं केलं की खाली बारीक अळ्यांचा घोळका दिसेल. ही तंबाखूची पाने खाणारी अळी, म्हणजे स्पोडोप्टेरा. हिची मादी पुंजक्याने अंडी घालते आणि त्यांच्यावर स्वतःच्या अंगावरचे तपकिरी केस पांघरते. त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस सगळी पिलावळ एकाच पानावर असते. तेवढ्यात ते पान तोडून रॉकेलच्या पाण्यात बुडवलं, तर शेकडो अळ्यांचा निकाल एका हाताने लागतो. ती वेळ गेली की अळ्या पांगतात. मोठी झालेली अळी दिवसा मातीच्या भेगांत दडते आणि रात्री खाते. भरदुपारी वावरात गेलेल्या माणसाला भोकं दिसतात, अळी दिसत नाही. हिच्यासाठी फवारायचंच असेल तर संध्याकाळी फवारा.

उंटअळी तशी लपत नाही. पाठीची कमान करून चालते, कारण तिच्या पोटाखाली पायांच्या पाचऐवजी तीनच जोड्या असतात. पानाला वेडीवाकडी भोकं पाडते. फुलोऱ्याआधी सोयाबीनची साधारण 30 टक्के पानं गेली तरी उत्पादनाला फारसा धक्का बसत नाही. तेव्हा चार भोकं दिसली म्हणून पंप पाठीवर घ्यायचं कारण नाही.

2008 च्या खरिपात सोयाबीनवर या पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर 2009-10 पासून राज्यात किडींवर नजर ठेवणारा क्रॉपसॅप प्रकल्प सुरू झाला. कामगंध सापळे लावणं, ठरावीक दिवशी वावरात जाऊन अळ्या मोजणं, हे काम त्यातून रुळलं. पण निरीक्षक तुमच्याच वावरात येईल याचा भरवसा नाही. तुमच्या वावरातली मोजणी तुमचीच.

मोजताना मेलेल्या अळ्याही बघा. ढगाळ, दमट दिवसांत पानाला चिकटलेली, चुन्यासारखी पांढरी, कडक झालेली अळी दिसते. तिच्यावर बुरशीचा रोग पडलेला असतो, आणि ही बुरशी आपल्या बाजूची. अशा अळ्या बऱ्याच दिसल्या तर आठवडाभर थांबा. त्याच वेळी बुरशीनाशक फवारलं, तर फुकट मिळालेला मदतनीस आपणच मारतो.

आता तुरीकडे या. पानाच्या कडेला सुबक, कात्रीने कापल्यासारखा गोल तुकडा गेलेला दिसतो. हे अळीचं काम नाही. पानकापी मधमाशी तो तुकडा घरट्याला अस्तर म्हणून नेते आणि पुढे तुरीच्या फुलांवर परागीभवन करते. तिच्या नावाने विष विकत घेणारेही आहेत, काय सांगावं!

आर्वी, आष्टी, कारंजाकडे संत्र्याच्या कोवळ्या पानावर पाखराची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर काडीने हलवून बघा. चालू लागलं तर ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी. मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचली की डोक्यामागून उग्र वासाची शिंगं बाहेर काढते. रोपवाटिकेत ती हाताने वेचावी, मोठ्या झाडाला तिचं काही वाटत नाही. पानावर चंदेरी नागमोडी रेघ असेल तर खाणारा पानाच्या आत आहे. ती नागअळी.

बोरच्या जंगलातला साग तर वर्षात दोनदा सांगतो. पावसाच्या सुरुवातीला जाड शिरा सोडून अख्खं पान फस्त झालं असेल, तर ते पानं खाणाऱ्या अळीचं काम. पावसाळा सरताना पानाची तपकिरी जाळी उरली, तर ती जाळी करणारी अळी. दुसरीमुळे जंगल जळाल्यासारखं दिसतं. झाडं मरत नाहीत, त्यांची वाढ तेवढी मार खाते.

2020 च्या मे महिन्यात टोळधाड अमरावतीकडून आपल्या जिल्ह्यात शिरली आणि काटोलकडे गेली. ती ओळखायला कुणाला व्याख्यानाची गरज पडली नाही. पण 2017 साली शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरू नये. नको असलेली प्रत्येक फवारणी कुणाच्या तरी श्वासात जाते.

शेवटचं धुऱ्यावरच्या निंबाबद्दल. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी निंबाचा, बाभळीचा पाला भराभर कुरतडला जात असेल, तर ते हुमणीचे भुंगेरे. त्यांची पिल्लं पुढे पिकाची मुळं खातात, म्हणून पिकाचं दुखणं आधी झाडावर दिसतं. यंदाची वेळ टळली. पुढच्या जूनला दिवेलागणीनंतर झाडाखाली ताडपत्री अंथरा, फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाका. हे एकट्याने भागत नाही. शेजारच्या धुऱ्यावरून ते उडून येतात, तेव्हा सगळ्या शिवाराने त्याच चार संध्याकाळी बाहेर पडायला हवं.