शार्कचा दात आणि खोटी नोट

(सोसायटीच्या गणेशोत्सवात ‘माझा छंद’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



कमिटीने ‘छंदावर बोला’ म्हणून सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. अडतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला कसला आलाय छंद! सध्या घरात जो चालू आहे तो माझा नाही, नातवाचा आहे. मी त्यात बिनपगारी हेडक्लार्क.

अर्णवला तुम्ही ओळखता. गच्चीवर क्रिकेट खेळताना पाण्याच्या टाकीचं झाकण फोडणारा तो हाच. दोन वर्षांपूर्वी मी त्याला गिल्बर्ट हिलवर नेलं. आपल्या खिडकीतून दिसते म्हणून आपल्याला तिचं काही वाटत नाही, पण दोनशे फूट उंचीचा तो सरळसोट खांबांचा काळा दगड सहा कोटी साठ लाख वर्षांचा आहे. गावदेवीच्या देवळाच्या पायऱ्या चढताना मी हे सांगितलं, आणि पोराला दगडांचं वेड लागलं. मग हट्ट सुरू झाला, शार्कचा दात हवा. जुना. दगड झालेला.

मी म्हटलं, अरे, अंधेरीत कसा सापडणार? आपला दगड म्हणजे लाव्हा, त्यात मासा कुठून येणार! त्यावर त्यानेच मला शिकवलं की वरळीच्या टेकडीत, लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात, इवल्याशा बेडकांचे सांगाडे सापडलेत आणि रिचर्ड ओवेन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1847 मध्ये त्यांचं वर्णन केलंय. पण तो गाळ गोड्या पाण्याचा. शार्कच्या दातांसाठी कच्छला जावं लागतं, नाहीतर ओडिशात बारीपद्याला. तिथे पूर्वी समुद्र होता.

दातच का सापडतात, हेही मला तेव्हा कळलं. शार्कला हाडं नसतात, सगळा सांगाडा कूर्चेचा, आपल्या कानाच्या वरच्या भागासारखा. तो कुजून जातो. दात मात्र कठीण, आणि जन्मभर पडतात नि नवे येतात. एका शार्कचे हजारो. युरोपात पूर्वी लोक या दातांना दगड झालेल्या जिभा समजत आणि विषावर उतारा म्हणून जवळ बाळगत. 1666 साली इटलीत एक भलामोठा शार्क पकडला, त्याचं डोकं फ्लॉरेन्सला नेलं. स्टेनो नावाच्या डॉक्टरने ते फाडून दात पाहिले आणि म्हणाला, या जिभा नाहीत, हेच ते दात!

असो. मुद्द्यावर येतो.

त्याच्या दहाव्या वाढदिवसाला मी एका प्रदर्शनातून मेगालोडॉनचा दात आणला. सहा इंची, काळाकुळकुळीत, साडेचार हजार रुपये. ही म्हणाली, एवढ्यात मिक्सर आला असता. पण पोराचा चेहरा बघायला हवा होतात. तो दात उशाशी घेऊन झोपायचा.

पंधरा दिवसांनी भिंग घेऊन सहज बघत बसलो आणि पोटात गोळा आला. कडेच्या करवतीचा एकेक दाता अगदी सारखा. मुळाशी टाचणीएवढे बुडबुडे. बाजूने साच्याची बारीक शिवण. हातात घेतला तर दगडासारखा गारही लागेना. रेझिनचा ओतीव माल! नोटेचं पाणचिन्ह, धागा, छपाईचा उठाव बोटांनी ओळखणारा माणूस मी, आणि मलाच बनवलं. खरं तर किंमत ऐकूनच कळायला हवं होतं. धड सहा इंची अस्सल दात कैक पटींनी महाग असतो.

मी गप्प बसलो. त्याला कसं सांगू, हेच कळेना. महिना गेला. मग लक्षात आलं, दात उशाशी नाही, कपाटात मागे गेलाय. आमच्या सूनबाईंनी सांगितलं ते ऐकून मला खाली बसावं लागलं. त्याने दात शाळेत नेला होता, आणि एका मुलाने सगळ्यांसमोर ‘प्लॅस्टिक आहे’ म्हणून दाखवून दिलं होतं. घरी आल्यावर तो आईला एवढंच म्हणाला, “आजोबांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल.”

म्हणजे महिनाभर मी त्याच्यापासून लपवत होतो आणि तो माझ्यापासून.

त्या रात्री मी त्याला जवळ बसवलं आणि बँकेतला नियम सांगितला. काउंटरवर खोटी नोट आली की कॅशिअर ती परत देत नाही. त्यावर शिक्का मारायचा, जप्त करायची, पावती द्यायची. आणणारा बहुतेक वेळा बिचारा स्वतःच फसलेला असतो, तो गयावया करतो, पण नोट मिळत नाही. अर्णव म्हणाला, “मग तुम्ही पण बिचारे!” आणि आम्ही दोघं हसलो.

मग दोघांनी मिळून अभ्यास केला. अस्सल दातात मुकुट गुळगुळीत आणि मूळ खरखरीत, सच्छिद्र असतं. मुकुटावर केसासारख्या उभ्या भेगा असतात. मेगालोडॉनला या दोहोंच्या मध्ये एक गडद पट्टा असतो. रंगावर जाऊ नये, तो ज्या गाळात दात पडला त्याचा असतो. बाजारात स्वस्तात येतात ते मोरोक्कोच्या फॉस्फेट खाणींतले, पाच कोटी वर्षांहून जुने. तेही अस्सल, पण त्यात एक लबाडी चालते : एकाचा मुकुट, दुसऱ्याचं मूळ, मध्ये डिंक आणि वाळू. त्यासाठी आम्ही नोटा तपासायचा निळा दिवा आणला. डिंक असला तर त्याखाली बहुधा वेगळा चमकतो. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारायच्या : कुठला, दुरुस्त केलाय का, परत घेणार का. उत्तर द्यायला जो कुरकुरतो त्याच्याकडून घ्यायचा नाही.

शेवटी पुण्याच्या एका विक्रेत्याकडून दीड इंचाचा ओटोडस घेतला, नऊशे रुपयांना. एक टोक मोडलेलं, मूळ किंचित झिजलेलं. विक्रेत्याने ते आपणहून सांगितलं. दिव्याखाली धरला, काही चमकलं नाही. अर्णवने तो गालाला लावला आणि म्हणाला, “गार आहे, आजोबा.”

ज्या मुलांना बघायचा असेल त्यांनी रविवारी सकाळी आमच्याकडे यावं, भिंग आणि दिवा दोन्ही आहेत. खोटा दातही तिथेच आहे, वेगळ्या डबीत. डबीवरची चिठ्ठी अर्णवच्या अक्षरात आहे : ‘बनावट. आजोबांकडून जप्त. पावती दिली.’